कोटाची आतली बाजू

ब्लॉगचं पहिलं पान कसं दिसावं, एवढ्याशा गोष्टीवरून रफूमावशी आधी लेकीशी भांडल्या, मग मालकाशी भांडल्या, आणि शेवटी बारा वर्षं जपून ठेवलेल्या नवऱ्याच्या कोटाला त्यांनी स्वतःच्या हाताने भोकं पाडली. ऐकणारे म्हणतात, या वयात माणसाला काय सुचेल याचा नेम नाही. सुचलं ते बरोबरच सुचलं. आधी नीट ऐकून घ्या, मग बोला.

मावशी एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात रफू करतात. चौतीस वर्षं झाली. दुकानात पुढे काउंटर, काउंटरमागे मालक, मालकामागे पडदा. पडद्याआड टांगलेल्या कपड्यांच्या रांगा, वाफेची इस्त्री, आणि इस्त्रीच्या पलीकडे एक खिडकी. त्या खिडकीशी मावशींचं स्टूल. खिडकीतून ऊन कधी येत नाही, नुसता उजेड येतो, आणि रफूला तोच लागतो. मावशींचं खरं नाव हजेरीच्या मस्टरवर आहे, पण ते मस्टरातून कधी बाहेर पडलेलं नाही. मालक त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, तरी तोही त्यांना मावशीच म्हणतो.

काम असं चालतं. गिऱ्हाईक काउंटरवर कोट टाकतं, "खिळ्याला अडकला हो." मालक म्हणतो, "होऊन जाईल." कोट पडद्याआड जातो. मावशी त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून थोडं सूत उसवून काढतात, बारीक सुईत ओवतात, कोट उलटा करतात आणि भोकावर आधी उभे धागे, मग आडवे धागे, एक वरून एक खालून, असं कापडच पुन्हा विणतात. चार दिवसांनी गिऱ्हाईक कोट उजेडात धरतं, भोक कुठे होतं ते त्याला सापडत नाही, आणि ते मालकाला म्हणतं, "तुमच्या हातात जादू आहे बुवा!" मालक हसतो. हात माझा नाही, एवढं सांगायला त्याची जीभ चौतीस वर्षांत एकदाही रेटली नाही. मावशींना हे सगळं रोज ऐकू येतं. पडदा म्हणजे काही भिंत नव्हे.

हे काम त्या आत्याकडे शिकल्या. आत्या एका गणवेश शिवणाऱ्याकडे कामाला होती. तोंडाने फटकळ, हाताने मऊ. तिचे दोन नियम होते. पहिला, धाग्याची शेपटी कापडाला लागून कापायची नाही. नवशिके सगळे इथेच चुकतात. रफू संपली की आतल्या बाजूला धाग्यांची टोकं लोंबत राहतात, ती डोळ्यांना खुपतात, म्हणून नवा माणूस नीटनेटकेपणाच्या हौसेने ती साफ उडवून टाकतो. पहिल्याच धुण्यात कापड आटतं, टोकं आत ओढली जातात आणि भोक पुन्हा आ वासून उभं. म्हणून शेपटी करंगळीच्या नखाएवढी ठेवायची, आणि जिथे धागा वळतो तिथे तो ताणायचा नाही, सैल सोडायचा. दुसरा नियम, उलटी बाजू कुणाला दाखवायची नाही. नवऱ्यालासुद्धा नाही.

"का गं आत्या?"

"बघणारा लगेच अक्कल शिकवायला लागतो म्हणून."

पहिला नियम मावशींनी जन्मभर पाळला. ही गोष्ट दुसऱ्या नियमाची आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धूसर व्हायला लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळ्याचा पडदा पातळ झालाय. बारीक काम वर्ष-दीड वर्ष जमेल. पुढचं मी सांगत नाही." मावशी बाहेर येऊन बसथांब्यावर बसल्या. त्यांना रडू आलं नाही, संताप आला. चौतीस वर्षांत त्यांच्या हाताखाली एक बाई तयार झाली नव्हती. मदतीला बाई मागून मागून त्यांचं तोंड दुखलं होतं. मालकाचं ठरलेलं उत्तर, "दोन बायका एका खोलीत बसल्या की गप्पा होतात, काम होत नाही." म्हणजे आता डोळा गेला की आत्याची विद्याही गेली. ती कुणाच्या तरी हातात पडली पाहिजे, एवढं एकच मावशींच्या डोक्यात होतं. दोन बसेस त्यांच्यासमोरून निघून गेल्या.

लेक एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते. ती म्हणाली, "आई, लिहून ठेव. आपण ब्लॉग काढू." मावशी एका बोटाने फोनवर लिहायला लागल्या. एक भोक, एक लेख. खिळ्याने फाटलेलं, कसरीने खाल्लेलं, ठिणगीने जळलेलं, कोपराला विरलेलं. जेवणाच्या सुट्टीत खिडकीशी फोटो काढायचे, घरी येऊन लिहायचं. पाच महिन्यांत चौदा लेख झाले. आता घर झालं म्हणजे दार हवं, तसं पहिलं पान हवं. तिथेच गाडी अडली.

लेकीने तयार नमुन्यांतला एक निवडला. मासिकासारखा होता: तीन-तीनच्या ओळीत चौकोनी फोटो, खाली लेखाचं नाव, नावाखाली "पुढे वाचा". प्रत्येक चौकोनात तिने रफू पूर्ण झालेल्या कपड्याची सुलटी बाजू लावली. "बघ, किती स्वच्छ दिसतंय," ती म्हणाली. मावशींनी चष्मा पुसून पाहिलं. काळं कापड, करडं कापड, निळं कापड, पुन्हा करडं. चौदा चौकोन, आणि एकातही बघण्यासारखं काही नाही. रफू चोख झाली होती, म्हणून तर काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पहिली प्रतिक्रिया आली: "करड्यातला पँटपीस आहे का? घरपोच मिळेल?" पाठोपाठ दुसरी: "निळं कापड धुतल्यावर आटतं का?"

लेक हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. मावशी हसल्या नाहीत.

"आतली बाजू लाव," त्या म्हणाल्या.

"आई, आतली बाजू कशी दिसते बघ ना! नुसते धागे लोंबतायत. माणूस पहिल्या पानावर तीन सेकंद थांबतो. तेवढ्यात त्याला काहीतरी छान दिसायला नको?"

"तीन सेकंदवाल्यांसाठी मी डोळे फोडून लिहीत नाहीये. ज्याला शिकायचंय तो थांबेल."

"अगं पण ते फोटो आत आहेतच. 'पुढे वाचा' दाबलं की दिसतात."

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? शिकवायला बसलेय, तर काय शिकवतेय ते दारातच दिसू दे."

लेकीने नाक मुरडलं, पण बदललं. चौकोन गेले, साधी यादी आली, आणि प्रत्येक नावाशेजारी आतली बाजू: उभे-आडवे धागे, वळणांवरचे सैल वेढे, लोंबणाऱ्या शेपट्या. आत्या असती तर तिने कानशिलात लगावली असती. पण आठवड्याभरात कुणीतरी विचारलं, "शेपटी एवढी लांब का ठेवलीत?" मावशींनी तो प्रश्न लेकीला दोनदा वाचून दाखवला. चौतीस वर्षांत त्यांच्या कामाविषयी त्यांना स्वतःला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

मग मालकाला कळलं. कुणा गिऱ्हाइकाने काउंटरवर फोन काढून त्याला ते पान दाखवलं होतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्याने मावशींना पुढे बोलावलं. आवाजात अगदी साखर घोळलेली.

"मावशी, छान लिहिता हो! आपण असं करू. हे सगळं दुकानाच्या वेबसाइटवर घेऊ. माझा माणूस पहिलं पान झकास करून देईल. वर दुकानाचा मोठा फोटो, त्याखाली चकचकीत कोट सरकत जातील एकामागे एक, आणि कोपऱ्यात तुमचं हे... काय म्हणतात... उपयुक्त सल्ले."

"कोपऱ्यात," मावशी म्हणाल्या.

"कोपऱ्यात म्हणजे दिसेल असं हो. फक्त ते उलट्या बाजूचे फोटो नकोत. गिऱ्हाइकाला विसरायचं असतं की आपला कोट फाटला होता. त्यालाच आपण ते दाखवायचं?"

"आणि नाव?"

"दुकानाचं आहे की!"

आयत्या बिळावरचा नागोबा कसा बोलतो ते मावशींनी चौतीस वर्षं पडद्याआडून ऐकलं होतं, आज समोरून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला नाही जमणार. माझं पान माझ्याकडेच बरं आहे."

साखर तिथेच संपली. "मग ते फोटो काढून टाका. कपडे माझ्या गिऱ्हाइकांचे आहेत. त्यांना विचारलं होतं का तुम्ही?"

विचारलं नव्हतं. अंगठ्याएवढ्या तुकड्यावरून कोट कुणाचा ते त्याच्या बायकोलाही कळलं नसतं, पण विचारलं नव्हतं हे खरंच. एवढ्यापुरतं मालकाचं बरोबर होतं, आणि मावशींना त्याचाच जास्त राग आला. त्यांनी तिथेच काउंटरवर फोन ठेवला आणि एकेक फोटो मालकाच्या डोळ्यांसमोर पुसला. चौदा लेखांचे सगळे. शेवटचा पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझ्या स्वतःच्या कपड्यांवर तर कुणाचा हक्क नाही ना?"

"तुमच्या कपड्यांचं तुम्ही काहीही करा," मालक म्हणाला.

"लक्षात ठेवा हं," मावशी म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या.

रविवारी सकाळी लेक भाजी घेऊन आली तर आई दाराशी झटापट करत होती. दाराच्या चौकटीला एक खिळा होता, त्या खिळ्याला एक कोट अडकवलेला, आणि मावशी दोन्ही हातांनी तो कोट ओढत होत्या. टर्रकन आवाज झाला. लेकीच्या हातातली पिशवी खाली आली आणि कांदे घरभर पळाले.

"आई! बाबांचा कोट आहे तो!"

"माझ्या नवऱ्याचा आहे. तुझ्या जन्माच्या आधीपासून." मावशींनी फाटलेली जागा उजेडात धरली आणि तोंड वाकडं केलं. "मुद्दाम फाडायला गेलं की मेलं नीट फाटत नाही. काटकोनात फाटायला हवं होतं."

"अगं, एखादी चिंधी घ्यायचीस!"

"चिंधीवर हात जपून चालत नाही. चिंधी बिघडली तर कोण रडतंय? शिकणाऱ्याला कळायला हवं की या कापडात माझा जीव आहे आणि तरी मी त्यात सुई घालतेय. माझ्याकडे जीव असलेलं हे एकच कापड आहे."

लेक खाली बसून कांदे गोळा करायला लागली, कारण तिला रडायला आलं होतं. बाबांनी तो कोट उण्यापुऱ्या दहा वेळा घातला असेल. बारा वर्षं पेटीत होता, दर वर्षी मावशी त्याला हवा दाखवून परत घडी करायच्या. आणि आता त्याच आईने कात्रीच्या टोकाने त्याला कसरीची भोकं पाडली, कोपर खडबडीत दगडाने घासून विरवलं, बगलेतली शिवण उसवून ताणली. जन्मभर फाटलेलं भरणारी बाई. फाडायला बसली ती पदर खोचूनच. मध्येच त्यांचा हात थांबला. कॉलरला त्यांनी नाक लावलं, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "डांबरगोळ्यांचाच वास येतोय आता," आणि पुढच्या भोकाला लागल्या.

पुढचे दोन महिने रोज संध्याकाळी उजेड असेपर्यंत त्या कोट भरत होत्या. अस्तर सगळं उसवून काढलेलं. लेक शेजारी फोन धरून बसायची. आधी गाल फुगवून बसायची, मग हळूहळू विचारायला लागली: इथे धागा वरून का, इथे सैल का. सगळं भरून झालं तेव्हा मावशींनी कोट उलटा करून हँगरला लावला, हँगर खिडकीच्या गजाला अडकवला आणि म्हणाल्या, "हे पहिलं पान."

"म्हणजे? हा फोटो वर, आणि खाली यादी?"

"यादी नाही, चौकोन नाहीत, पुढे वाचा नाही. हा कोट. ज्या रफूवर बोट ठेवलं तिचा लेख उघडायचा. बाकी काही नको."

"आई, असा नमुनाच नसतो."

"मग तू बनव. माझ्याकडे तरी कुठे नमुना होता?"

लेकीने ऑफिसातल्या एकाला विचारलं, इकडे-तिकडे वाचलं, दोन रविवार डोकं आपटलं. फोटोवर प्रत्येक रफूच्या जागी बोट लावायची जागा आखावी लागत होती. ती आखताना ती एकदम थांबली. "आई, आपण पाडलेल्या भोकांचे फोटो मी काढलेत. ते तेराच आहेत. लेख चौदा. हे खिशाजवळचं ठिणगीचं तू केव्हा पाडलंस?"

"ते मी नाही पाडलं. ते तुझ्या बाबांचं आहे."

"बाबा कुठे सिगारेट ओढायचे?"

"तेच तर. आयुष्यात ओढली नाही म्हणायचे. खिसा जळला ते त्यांनी मला सांगितलं नाही, मी तो भरला ते मी त्यांना सांगितलं नाही. सव्वीस वर्षं सुखाचा संसार झाला."

लेक हसायला लागली आणि हसता हसता तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. आई म्हणाली, "हल, स्क्रीन दिसत नाहीये मला." पण खांदा काही काढून घेतला नाही.

पान तयार झालं. पान उघडलं की स्क्रीनभर एक कोट, आतून बाहेर काढलेला, चौदा ठिकाणी भरलेला, शेपट्या लोंबताहेत. वर नाव नाही, चकचकीत काही नाही. सगळ्यात खाली एक ओळ: मावशींचं मस्टरवरचं पूर्ण नाव, त्यापुढे दुकानाचा पत्ता, आणि शेवटी "पडद्यामागे, इस्त्रीच्या पलीकडच्या खिडकीशी."

मालकाने ते पाहिलं आणि तो तणतणत पडदा सारून आत आला. "हा काय तमाशा आहे? असला फाटका कोट लोकांना दाखवता?"

"कोट माझा आहे. फाडला मी, भरलाही मी. तुम्ही म्हणाला होतात, तुमच्या कपड्यांचं काहीही करा."

"आणि हा पत्ता?"

"खोटा आहे का?"

"मी तुम्हाला कामावरून काढू शकतो."

"काढा." मावशींनी मान वर केली नाही. "त्या खुंटीवर सहा कोट आहेत. शुक्रवारपर्यंत द्यायचं तुम्ही कबूल केलंय. जादू तुमच्या हातात आहे, असं ऐकते मी."

इस्त्रीवाला खाली मान घालून हसला. मालक पडदा सोडून पुढे गेला. त्या विषयावर तो पुन्हा काही बोलला नाही.

मावशी जिंकल्या, असं लेकीला वाटलं. मावशींना तसं वाटत नव्हतं. पान लोक बघत होते, छान छान म्हणत होते, पण छान म्हणणाऱ्याच्या हातात सुई होती की नाही ते कुठे कळतं? उजवा डोळा आणखी मंद झाला होता. दुपारी तीननंतर आता त्यांना काळ्यावर काळं दिसत नव्हतं.

एका मंगळवारी काउंटरवर एक बाई आली. चाळिशीची, दंडाशी मळकट झालेला पांढरा गणवेश, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. पडद्याआड मावशींना तिचा आवाज आला.

"रफूचं काम इथेच होतं ना? कोण करतं?"

"आम्हीच करतो," मालक म्हणाला. "काय फाटलंय, दाखवा."

"फाटलेलं नाही, भरलेलं आहे. मीच भरलंय. ज्यांनी नवऱ्याचा कोट फाडला त्या बाईंना दाखवायचंय मला."

मग मालकाचा आवाज आला, "मावशी, जरा पुढे या."

"माझ्या हातात सुई आहे," मावशी आतून म्हणाल्या. "त्यांनाच आत पाठवा."

चौतीस वर्षांत पडद्याआड गिऱ्हाईक आलं नव्हतं. ही बाई आली, कपड्यांच्या रांगांमधून वाट काढत, वाफेतून वाकून, खिडकीपर्यंत. इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत ती काम करत होती. तिथे रोज चादरी फाटतात, ब्लँकेटं विरतात आणि थेट फेकून दिली जातात, ते तिला बघवत नव्हतं. कागद सोडून तिने एक लोकरी ब्लँकेट बाहेर काढलं आणि सुलटं मावशींच्या मांडीवर ठेवलं.

मावशींनी ते न बघताच उलटं केलं. डोळ्यांवर आता भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी बोट फिरवलं. उभे धागे सरळ. आडवे जरा दाटीवाटीचे. वळणं सैल, जशी हवीत तशी. आणि कडेला टोकं, एक, दोन, पाच, सात, प्रत्येक करंगळीच्या नखाएवढं.

"धुतलंस का हे?"

"चार वेळा. इस्पितळाच्या मशीनमध्ये, उकळत्या पाण्यात."

मावशींचं बोट त्या शेपट्यांवर पुन्हा एकदा फिरलं. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, चष्मा घातला आणि इस्त्रीवाल्याला म्हणाल्या, "ते दुसरं स्टूल दे रे इकडे."

"आडवे धागे दाटले आहेत तुझे," त्या बाईला म्हणाल्या. "बस. उसवू आणि परत घालू. तुझी सुटी कोणत्या वारी असते? ये त्या दिवशी. दर आठवड्याला ये."

स्टूल फरशीवरून ओढल्याचा आवाज पुढच्या काउंटरपर्यंत गेला. पडदा हलला नाही, पण त्याच्या पलीकडून मालकाने विचारलं, "आत काय चाललंय?"

"गप्पा," मावशी म्हणाल्या आणि तिच्या हातात सुई दिली.